पोचा काढून गाडीला घरीच रंग देताना

दारावर किंवा मडगार्डवर पडलेला लहान पोचा आणि त्याभोवतीचे ओरखडे घरी नीट दुरुस्त करता येतात. मात्र या कामातला बहुतेक वेळ घासण्यातच जातो, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी. गंजाने पत्र्याला आरपार भोके पडली असतील किंवा धक्का दाराच्या खांबापर्यंत अथवा चासीपर्यंत पोहोचला असेल, तर गाडी सरळ गॅरेजमध्ये न्यावी, कारण तिथे प्रश्न सुरक्षिततेचा असतो.

गाडी धुऊन वाळवल्यावर, घासण्यापूर्वीच, मेण आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने तो भाग पुसावा. हा क्रम चुकला तर पॉलिश पेपर ते मेण ओरखड्यांत रगडून बसवतो आणि पुढे ताज्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. पोचा आतल्या बाजूने ठोकून शक्य तितका वर आणावा, म्हणजे खळगा भरणारी पुट्टी कमी लागेल. तिचा थर 3 मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. त्यानंतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने रंग आणि गंज काढून पत्रा उघडा करावा आणि भोवतालच्या जुन्या रंगाची कड 180 नंबरने उतरती करावी. रंग, प्रायमर आणि पत्रा यांचे पट्टे रुंद होत एकमेकांत मिसळलेले दिसले आणि बोटाला कुठेही पायरी लागली नाही, की उतार जमला असे समजावे.

पुट्टीत हार्डनर (तिला घट्ट करणारा घटक) वजनाच्या साधारण 2 टक्के, किंवा डब्यावर सांगितले असेल तेवढाच घालावा. लवकर वाळावी म्हणून तो जास्त घातला, तर त्याचा डाग नंतर वरच्या रंगातून उमटू शकतो. मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होऊ लागते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. वाळलेली पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी खालच्या पत्र्याला गंजवते. त्यामुळे ती नेहमी कोरडीच घासावी.

सपाटपणा ओळखण्याच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा तळहात अधिक भरवशाचा असतो. पातळ सुती हातमोजा घालून हात चांगल्या भागावरून दुरुस्त भागावर सावकाश फिरवावा, म्हणजे न दिसणारा उंचवटाही जाणवतो. त्यानंतर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला गुंडाळलेल्या 320 नंबरच्या कागदाने घासावे. जिथे काळा रंग टिकून राहतो तिथे खळगा आहे. तिथे पुन्हा पुट्टी भरण्याचा कंटाळा करू नये, कारण चकचकीत रंगात तोच खळगा सर्वांत आधी नजरेत भरतो.

प्रायमरचे दोन-तीन हात पूर्ण वाळल्यावर 600 ते 800 नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासावे. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. तरीही जुना रंग उन्हाने फिकटलेला असतो, म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर फवारून उजेडात ताडून पाहावे. कॅन साधारण 20 सेंटिमीटर अंतरावर धरून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असा सरळ हात फिरवावा आणि रंगाच्या दोन थरांमध्ये 10 ते 15 मिनिटे थांबावे. एकाच जाड थरात काम उरकण्याचा मोह झाला की ओघळ आलेच.

शेवटच्या क्लिअर कोटबाबत, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराबाबत, मी आग्रहाने सांगेन की हार्डनर मिसळून वापरण्याच्या प्रकारात आयसोसायनेट असते, त्याने दम्याचा विकार जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल तर तो प्रकार घरी वापरूच नये. त्याऐवजी एकाच घटकाचा, थोडा कमी टिकाऊ क्लिअर कोट घ्यावा. त्यासाठीही सेंद्रिय वाफा रोखणाऱ्या काडतुसांचा मास्क, चष्मा आणि हातमोजे आवश्यकच आहेत. फवारणी मोकळ्या हवेच्या जागी, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावी. क्लिअर कोट पक्का वाळल्यावर 2000 नंबरच्या वॉटर पेपरने धुळीचे कण काढून कंपाउंडने (घासून चमकवणाऱ्या पेस्टने) चमक आणावी. मेणाचे पॉलिश मात्र महिनाभर लावू नये, कारण तोपर्यंत आतील द्रावक हळूहळू बाहेर पडत असतो.