डायलिसिसच्या रुग्णाच्या घरचा जमाखर्च

मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते आणि प्रत्यारोपण झाले नाही तर ते आयुष्यभर चालू राहते. त्यामुळे हा खर्च अचानक ओढवलेला न मानता घरभाड्यासारखा दरमहाचा धरावा. पहिल्याच काही महिन्यांत दागिने गहाण टाकायचे, मुदतठेवी मोडायच्या आणि सरकारी योजनांची चौकशी पैसे संपल्यावर करायची, हा अनेक घरांत दिसणारा क्रम उलटा व्हायला हवा.

आधी खरा आकडा काढावा. आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६, अर्थात महिन्याला १२ नव्हे तर १३. वहीत प्रत्येक वेळच्या नोंदीला पाच रकाने ठेवावेत: डायलिसिसचे शुल्क, रक्तवाढीचे इंजेक्शन व औषधे, तपासण्या, रुग्ण व सोबत्याचा येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोज. शेवटचे दोन रकाने कोणी लिहीत नाही. मात्र जिथे डायलिसिस मोफत होते, तिथेही कुटुंब कर्जात जाते ते बहुधा याच दोन रकान्यांमुळे. सोबत येणाऱ्या व्यक्तीची मजुरी हाही आजाराचाच खर्च आहे.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, उपचार सुरू होण्यापूर्वीच भेटावे, कारण लाभ उपचाराच्या रूपाने मिळतो आणि आधी खिशातून भरलेले पैसे परत मिळतील अशी आशा धरता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मोफत सोय आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी असेल तर तिथल्या समाजसेवा विभागाकडे थेट अर्ज करता येतो. डायलिसिससाठी रेल्वेने जावे लागत असल्यास रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र रुग्णालयाकडून घ्यावे.

आरोग्य विमा असेल तर त्याचा हप्ता कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. एकदा पॉलिसी खंडित झाली की या आजारासह नवी मिळणे फार कठीण असते, आणि मिळालीच तरी आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. डायलिसिससाठी २४ तास दाखल राहण्याची अट सहसा नसते. तरीही डायलिसिसच्या खर्चाला मर्यादा आहे का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्या करदात्यांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीबीखाली मूत्रपिंड निकामी झाल्यावरच्या उपचारखर्चासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, तर रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास १ लाखापर्यंत वजावट होती. नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असल्याने विवरणपत्र भरताना सल्लागाराकडून खात्री करून घ्यावी. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते. म्हणून प्रत्येक पावतीचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा. औषधांच्या दुकानातल्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते.

कर्ज काढायचेच असेल तर सावकार आणि मोबाईलवरचे झटपट कर्ज शेवटपर्यंत टाळावे. नोकरदाराने आधी भविष्य निर्वाह निधीचा विचार करावा. आजारपणासाठी त्यातून पैसे काढण्याची तरतूद आहे. बँक खात्यांना नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) नेमून ठेवावी आणि एक खाते जोडीदारासह संयुक्त करावे, म्हणजे रुग्ण दाखल असताना घर अडून राहणार नाही.

प्रत्यारोपणाचा विचार असेल तर केवळ शस्त्रक्रियेसाठी पैसे जमवणे पुरेसे नाही. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठीची औषधे पुढे कायम घ्यावी लागतात. तेव्हा ठेव मोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून पहिल्या वर्षाच्या आणि त्यानंतरच्या मासिक औषधखर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि तो वहीतल्या सध्याच्या आकड्याशेजारी मांडूनच रक्कम ठरवावी.