‘विषारी’ लिहिण्याआधी

भाषांतराच्या कामात नव्याने येणाऱ्यांना टॉक्सिक, पॉयझनस, व्हेनमस हे शब्द माहीत असतातच. मलाही होते. तरी पणजीत काम सुरू केल्याच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून अपघाताचा एक अहवाल बिघडला. मुळात चालक ‘इंटॉक्सिकेटेड’ होता. मी लिहिलं, ‘चालकाला विषबाधा झाली होती.’ तो दारू प्यायलेला होता! कागद परत आला त्या दिवशी डिचोलीच्या बसमध्ये डोळे पुसत बसले होते.

चूक आळसातून झालेली नव्हती, म्हणून जास्त लागली. मी व्युत्पत्ती बघितली होती. ग्रीकमध्ये ‘तोक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाला लावायचं विष ते ‘तोक्सिकॉन फार्माकॉन’, धनुष्याचं द्रव्य. पुढे ‘फार्माकॉन’ गळालं आणि विषाचा अर्थ उरलेल्या धनुष्यालाच चिकटला. लॅटिनमध्ये ‘टॉक्सिकम’ म्हणजे विष, त्यावरून ‘इंटॉक्सिकेट’, विष देणं. इथवर बरोबर. पण 16व्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत तो शब्द नशेसाठी रुळत गेला, आणि मी तिथवर वाचलंच नाही. उलट डॉक्टरी कागदात ‘वॉटर इंटॉक्सिकेशन’ आलं तर नशेचा संबंध नसतो. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरलेलं असतं. म्हणून कागद पोलिसांचा की दवाखान्याचा, ते आधी बघा. शब्दाचं मूळ नंतर.

प्रतिशब्दांच्या याद्या पाठ करू नका. वेळ जातो आणि खोटा धीर येतो. त्यापेक्षा लाल शाईने पान भरून देणारं कोणी वडीलधारं भेटलं तर त्यांना सोडू नका, बोलणी बसली तरी.

पॉयझनस आणि व्हेनमस दोन्हींना आपण ‘विषारी’ म्हणतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. एकाच वाक्यात दोन्ही आले की अडतं. नाग, घोणस चावून विष टोचतात, ते व्हेनमस. केंड मासा किंवा काजऱ्याची बी पोटात गेली की घात करते, ते पॉयझनस; या शब्दामागचं लॅटिन ‘पोतिओ’ म्हणजे पेयच. मी ‘दंश विषारी’ आणि ‘खाल्ल्यास विषारी’ असं सरळ लिहिते. ‘टॉक्सिक’ हा ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी 2018 या वर्षाचा शब्द ठरवला, तेव्हापासून ‘विषारी नातं’ फार वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. ‘जाच’ हा शब्द आपल्याकडे आहे.

एवढ्या चुकीने काम तुटत नाही. त्याच लोकांनी मला पुढचा अहवाल दिला. आता ‘इंटॉक्सिकेटेड’ दिसलं की लिहिण्याआधी मी रक्ततपासणीचं पान काढून बघते.