झूमधल्या प्राण्यांचा आहार शिकायचाय? वजनकाट्यापासून सुरुवात करा

आमच्या रत्नागिरीकडच्या बऱ्याच पोरांना प्राण्यांची आवड असते, पण झूमधल्या खाण्यापिण्याचं काम शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कोण सांगत नाही, म्हणून लिहितोय. डिग्रीचं आधी उरकतो. बारावी सायन्स, नीट आणि मग व्हेटर्नरी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मुंबईत परळला कॉलेज आहे. फिशरीज करायचं तर इथेच शिरगावला आहे.

पण डिग्री मिळेपर्यंत थांबू नका, घरच्या शेळीवर आजच सुरू करा. सकाळी टाकलेला पाला वजन करून टाका, संध्याकाळी उरलेला परत मोजा, सात दिवस वहीत लिहा. दिलं किती ते सगळे लिहितात, उरलं किती आणि काय उरलं, देठं की पानं, ते लिहायची सवय फार कमी जणांना असते आणि खरा आहार तिथेच कळतो. पाला सुकूनही हलका होतो, म्हणून तेवढाच एक भारा बाजूला टांगा आणि त्याची घट हिशोबातून वजा करा.

मग ड्राय मॅटर, म्हणजे पाणी वगळून उरणारा सुका भाग, समजून घ्या. १० किलो हिरव्या गवतात ८० टक्के पाणी असेल तर पोटात खरा चारा गेला २ किलोच, सुकं गवत तेवढंच दिलं तर जवळपास ९ किलो.

आता मासे, यात आपण कोकणातले पुढे असतो कारण कल्ला आणि डोळा बघून ताजा मासा ओळखणं लहानपणीच येतं. राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले, अशा मासे खाणाऱ्यांना फ्रोझन मासा देताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते बी१ व्हिटॅमिन मोडतं आणि साठवणीत व्हिटॅमिन ई पण कमी होतं. म्हणून माशाच्या किलोमागे साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम थायमिन (म्हणजेच बी१) आणि १०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई देतात, गोळी पहिल्याच माशाच्या कल्ल्यात खोचायची. मासा फ्रिजमध्येच वितळवा, पाण्यात बुडवून ठेवलात तर सत्त्व त्या पाण्यात जातं.

बिबट्याला नुसतं बोनलेस मटण म्हणजे लाड वाटतो, पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, पिल्लांची हाडं वाकतात हो, बघवत नाही. हाडासकट द्या, आणि हाड कच्चंच.

पावसाळ्यात आपल्याकडे शेंगदाण्याच्या पेंडीला आणि मक्याला बुरशी येते. त्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, धुऊन, उन्हात घालून किंवा शिजवून जात नाही, पोतं सरळ फेकायचं, कितीही महाग असलं तरी. पोती फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा.

ट्रेनिंगला जाताना त्या झूला सेंट्रल झू अथॉरिटीची (देशातल्या झूंना मान्यता देणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता आहे ना बघा, आणि पहिले दोन दिवस पिंजऱ्यापाशी न जाता किचनमध्ये उभे राहा, वही आणि काटा घेऊन.