दुर्बीण घेतली, पण चंद्राशिवाय काही दिसेना? या चुका टाळा

दिवाळीत हौसेने घेतलेली दुर्बीण संक्रांतीपर्यंत माळ्यावर जाते. 'चंद्र दिसतो, बाकी नुसता काळोख' ही ठरलेली तक्रार. दुर्बीण बहुधा ठणठणीत असते. घोळ घालतो तो खोक्यावर छापलेला '५२५ पट' हा आकडा.

७६ मिमी आरसा आणि ७०० मिमी नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) असलेल्या दुर्बिणीला ४ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवला की ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यात तिप्पट बार्लो, म्हणजे प्रतिमा आणखी मोठी करणारं जोडभिंग, घातली की ५२५. हिशेब चोख, पण आरशाच्या व्यासाच्या दुपटीपुढे, म्हणजे इथे साधारण १५० पटीनंतर, प्रतिमा नुसती फुगते आणि अंधूक होते. वर पृथ्वी फिरतेच आहे. दर दोन मिनिटांना आकाश चंद्राच्या रुंदीएवढं सरकतं, त्यामुळे ५२५ पटीला तारा अर्ध्या मिनिटाच्या आत पसार! बार्लो खोक्यातच राहू द्या. २० किंवा २५ मिमीचा आयपीस लावा. गुरूचे चार मोठे उपग्रह, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, सगळं त्यात येतं. तेजोमेघ करड्या धुरासारखाच दिसणार, फोटोतला गुलाबी रंग कॅमेऱ्याची कमाई. शनीची कडी बारीक दिसली तरी फोकसला दोष देऊ नका. मार्च २०२५मध्ये ती आपल्याला अगदी कडेने दिसत होती, आता हळूहळू उघडताहेत.

फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण, रात्री जुळवत बसाल तर वैतागाल. ते काम दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून उरका. लांबचा मोबाइल टॉवर आधी मुख्य दुर्बिणीत मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवत त्याची फुली टॉवरच्या त्याच टोकावर आणा. आरशाच्या दुर्बिणीत टॉवर उलटा दिसतो, ते बरोबरच आहे.

गच्चीचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि ग्रह थरथरत राहतात. मोकळं मैदान, गवत केव्हाही बरं. तिथेही दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. खिडकीच्या काचेतून तर बघूच नका. डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, मध्येच व्हॉट्सॲप उघडलं की पहिल्यापासून सुरुवात.

चंद्र पौर्णिमेला सपाट दिसतो. विवरं बघायची तर शुक्ल अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा.

आरशावर धूळ दिसली म्हणून फडकं मारू नका. त्याचा मुलामा पुढच्या बाजूलाच असतो, लगेच ओरखडे पडतात. पावसाळ्यात मात्र सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण बंद ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

आणि आयपीसला लावायचा काळा 'सन फिल्टर' खोक्यात निघाला तर थेट फेकून द्या. एकवटलेल्या उन्हाने तो तडकू शकतो, तेही डोळा लावलेला असताना. सौर फिल्टर नळीच्या तोंडावरच घट्ट बसवायचा, आणि फाइंडरला झाकण लावायला विसरायचं नाही.