ईसीजी नॉर्मल आला म्हणून उठून घरी जाऊ नका: हार्टच्या तपासणीत या चुका टाळा

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर आहे, ईसीजी काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, त्यामुळे हे सगळं रोज बघून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदा काढलेल्या ईसीजीवर विसंबणं. मे महिन्यातली गोष्ट, बागेत घळाने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढणारे एक काका सकाळी आले, छाती भरून आल्यासारखी वाटतेय म्हणाले. पहिला ईसीजी अगदी साफ. काका लगेच शर्टाची बटणं लावायला लागले, "काय नाय गो, गॅस धरलो हा, पेट्ये भरूचे आसत." डॉक्टरांनी त्यांना उठूच दिलं नाही, वीस मिनिटांनी परत काढायला लावला आणि तेव्हा लीड टू, थ्री आणि एव्हीएफ या हार्टच्या खालच्या बाजूने बघणाऱ्या रेघांमध्ये एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला, म्हणजे हार्टच्या खालच्या भागाचा अटॅक. पहिल्या कागदावर घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं ते मला अजून आठवलं की पोटात गोळा येतो. याआधी मी जिथे काम करायचे तिथे एक जण असाच घरी गेला होता आणि परत आला नाही, म्हणून हे एवढं पोटतिडकीने सांगतेय.

तर नियम असा की छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी, आणि दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी परत. ट्रोपोनिनचंही तसंच, म्हणजे हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात जे वाढतं त्याची टेस्ट. दुखायला लागून तासभरच झाला असेल तर ती टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, साध्या किटमध्ये वाढ दिसायला तीन-चार तास तरी जातात, म्हणून काही तासांनी परत रक्त घ्यावं लागतं. आणि उलटंही होतं, किडनीचा आजार किंवा मोठं इन्फेक्शन असलं तरी ट्रोपोनिन वाढतं, म्हणून नुसत्या एका आकड्यावर निकाल लावायचा नाही, आकडा वर जातोय की तसाच थांबलाय ते बघायचं.

खालच्या भागाचा अटॅक दिसला की उजव्या बाजूला लीड लावून आणखी एक ईसीजी काढायचा असतो आणि घाईत तेच राहून जातं. हार्टच्या उजव्या कप्प्याला फटका बसला असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी दिल्यावर बीपी धाडकन खाली येतं. कोकणात कितीतरी घरांत ही गोळी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली असते आणि शेजारपाजारचे लगेच देतात. बीपी न मोजता देऊ नका, आणि पेशंटने आदल्या एक-दोन दिवसात सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची (लैंगिक ताकदीसाठी घेतात ती) गोळी घेतली असेल तर अजिबातच नाही. लाजून लपवू नका हो, डॉक्टरांना सांगा.

आता माझ्या कामातली चूक. व्ही वन आणि व्ही टूचे, म्हणजे छातीवरचे पहिले दोन, इलेक्ट्रोड बऱ्याच ठिकाणी फार वर लावतात, बायकांच्या बाबतीत तर संकोचामुळे हमखास, आणि मग कागदावर जुना अटॅक असल्यासारखं दिसतं. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवलं की हाडावर एक आडवा उंचवटा लागतो, तिथे दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी, तिथून मोजत चौथ्या फटीत यायचं. हातांच्या वायरी उलटसुलट झाल्या तर लीड वन पूर्ण उलटा येतो, असा कागद दिसला की आधी वायरी बघा. आणि आपल्याकडच्या दमट हवेत घामाने इलेक्ट्रोड सरकतात, आधी छाती कोरडी पुसून घ्या.

घामावरून आठवलं, मे महिन्यात घाम फुटला की सगळे म्हणतात उकाडा आहे. पण अंग गार पडून कपडे भिजतायत, मळमळतंय, तर तो उकाडा नाही. जाळं ओढून खांदा दुखतोय, पेट्या उचलून हात भरून आलाय, ही कारणं खरीही असतात, पण ईसीजी काढल्यावरच ती मानायची. डायबेटिसवाले, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं एवढंच.

दुसरा मोठा घोळ दम्याचा. पावसाळ्यात इथे दम्याचे पेशंट भरपूर, त्यामुळे धाप लागली की पंप सुरू, आणि आजोबा दोन महिने पडवीत खुर्चीत बसून झोपतायत हे कुणी सांगतच नाही. आडवं झालं की धाप लागते, उश्या वाढत चालल्यात, रात्री दचकून उठून बसावं लागतं, पाय सुजतात, असं असेल तर हार्ट फेल्युअरचा विचार करून एक्स-रे, एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट आणि टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करायलाच हवी. पाय अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनेही सुजतात, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.

टूडी इको नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही, हा गैरसमज तर घरोघरी आहे. इकोत हार्टचं पंपिंग आणि झडपा दिसतात, रक्तवाहिनीतला ब्लॉकेज दिसत नाही, त्यासाठी अँजिओग्राफी. आणि छातीत दुखणं चालू असताना स्ट्रेस टेस्टसाठी पट्ट्यावर चालायचं नाही.

धडधड होते म्हणून आलेल्या पेशंटला धडधड थांबल्यावरचा ईसीजी फारसं काही सांगत नाही, तेव्हा होल्टर (दिवसभर अंगावर ठेवून ईसीजी नोंदवणारं छोटं मशीन) लावा, सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा.

अटॅक ठरला की मग वेळेचा हिशोब. कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करून ब्लॉकेज उघडतात) गाठायला दोन तासांच्या वर लागणार असतील आणि रक्तस्रावाचा वगैरे धोका नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आधी जवळच्या हॉस्पिटलात देऊन मग पेशंट पुढे हलवतात. घाटात दरड आली की कोल्हापूर किती लांब पडतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून "इथे काही करू नका, आम्ही डायरेक्ट मोठ्या हॉस्पिटलात नेतो" असा हट्ट नातेवाईकांनी धरू नये, आणि न्यायचंच तर खासगी गाडीपेक्षा १०८ बोलवा. एक मात्र, कळ पाठीत फाडल्यासारखी आली असेल तर इंजेक्शनआधी दोन्ही हातांचं बीपी मोजायला हवं, कारण महाधमनी चिरली असेल तर तेच इंजेक्शन जीवावर बेततं.

आणि जुना ईसीजी जपून ठेवा, नवीन कागद त्याच्याशी ताडून बघितला की बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा ते लगेच कळतं. तो कागद थर्मल असतो, उन्हाने आणि दमट हवेने हळूहळू पुसट होतो. एका काकूंनी तर काळजीने लॅमिनेट करून आणला होता, गरम मशीनमधून गेल्यामुळे पूर्ण काळा पडलेला. झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो ठेवा, आणि मागे पेनने तारीख, वेळ आणि तेव्हा दुखत होतं की नाही ते लिहा.