पिकअपला ऑल-टेरेन टायर घेताना काय बघायचं?

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून भर हिवाळ्यात पिकअप घेऊन आय-७० महामार्गाने डोंगरात जाणाऱ्यांनी ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांच्या, टायरच्या रांगड्या दिसण्यावर भाळू नये. दुकानात गेल्यावर आधी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, वाचायची.

तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण तिथे शोधा. दाबलेल्या बर्फावर चाचणी झाल्याशिवाय ती मिळत नाही. नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) असेल तर ते कंपनीने नक्षीच्या रचनेवरून स्वतःच छापलेलं असतं. मात्र खुणेवरही फार विसंबू नका. चाचणी गाडी पुढे ओढण्याची असते. ब्रेकची नाही आणि गोठलेल्या निसरड्या थराची तर नाहीच.

मग नक्षीवरून अंगठा फिरवा. मोठे ठोकळे चिखलात कामाला येतात, पण ओल्या डांबरावर खरं काम करतात ते ठोकळ्यांवरचे ब्लेडने मारल्यासारखे बारीक छेद. त्यांच्या कडा बर्फाला धरतात आणि पाण्याचा पातळ थर फोडतात. छेद किती खोल गेलेत ते वाकून बघा. काही टायरमध्ये ते वरवरचे असतात. टायर अर्धा झिजला की ठोकळा सपाट, आणि पहिल्याच पावसात गाडी सरकायला लागते. पाणी बाहेर फेकायला रुंद, सलग खाचाही हव्यात.

ट्रेलर ओढत नसाल तर दहा प्लायचा ‘ई’ रेंज, म्हणजे जड ओझ्यासाठीचा, टायर कशाला? जड आणि ताठ असतो, रिकाम्या पिकअपच्या हलक्या मागच्या बाजूला तर नकोच. दाराच्या स्टिकरवरच्या लोड इंडेक्सपेक्षा (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कमी मात्र घेऊ नका.

पैसे देण्याआधी साइडवॉलवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते कळतं: ३८२४ म्हणजे २०२४ चा ३८ वा आठवडा. जुना माल असेल तर दुसरा मागा.

चारही टायर एकसारखेच बसवा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हलवतो, थांबवत नाही. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, म्हणून थंडी पडली की सकाळी, गाडी काढण्याआधी हवा तपासा. आय-७० च्या मॉरिसन ते डॉटसेरो टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात कायद्याने किमान ३/१६ इंच, म्हणजे जवळपास ४.८ मिमी खोल नक्षी शिल्लक लागते. ती मोजायचा गेज दोन-चार डॉलरला मिळतो.