जेल नेलपॉलिश लावताना या चुका टाळा, विशेषतः डोळ्यांना न दिसणाऱ्या

"मॅडम, तीन दिवसांत जेल सुटून आलं, कुठला बेस कोट घेऊ?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की हल्ली मी बेस कोटचं, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराचं, नाव सांगतच नाही. उलट चार प्रश्न विचारते. लॅम्प कुठला? जेल कुठल्या कंपनीचं? लावण्याआधी नखाच्या मुळाशी काय केलंत? आणि शिकलात कुठं? बहुतेक जणी चौथ्या प्रश्नाला गप्प होतात. व्हिडिओ पाहिला, किट मागवलं, आठवड्याभरात मैत्रिणींची नखं करायला सुरुवात.

साधं नेलपॉलिश असं शिकलं तर फारसं बिघडत नाही. त्यातलं द्रावण उडून जातं, रंग वाळतो, चुकलं तर पुसायचं आणि पुन्हा लावायचं. जेल मात्र वाळत नाही. त्या बाटलीत ॲक्रिलेट जातीचे रेणू असतात आणि सोबत फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश पडला की त्या रेणूंना एकमेकांत गुंफायला लावणारा घटक. लॅम्पखाली आपण नखावर रासायनिक क्रिया घडवत असतो, तिलाच जेल क्युअर करणं म्हणतात. २०१०च्या सुमाराला बाटलीतल्या ब्रशनं लावायचं जेल सलॉनमध्ये रुळलं. दिसायला ते नेलपॉलिशसारखंच, म्हणून लोकांनी त्याला नेलपॉलिशच मानलं. माझ्या मते सगळ्या चुकांचं मूळ इथं आहे.

"करता करता येईल" हे जेलच्या बाबतीत मला मान्य नाही. स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर पहिल्या घासाला कळतं. जेलमधली सगळ्यात वाईट चूक होते त्या क्षणी दुखत नाही, दिसत नाही, उलट नखं चकचकीत दिसतात. न कळणाऱ्या चुकीतून कुणी शिकणार कसं? ती कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावीच लागते.

कडक लागलं म्हणजे क्युअर झालं, असं धरून चालणं

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, आणि बोलत राहणार.

जेल पूर्ण क्युअर होण्याच्या बरंच आधी कडक लागायला लागतं. वरून टकटक वाजवून पाहिलं तर छान वाजतं, आत नखाला चिकटलेला थर मात्र अर्धाकच्चा असतो. कारणं ठरलेली. थर जाड. रंग काळा, गडद किंवा अगदी पांढरा, म्हणजे रंगद्रव्य प्रकाश खालपर्यंत जाऊ देत नाही. अंगठा बाकीच्या चार बोटांबरोबर आडवा टाकलेला, त्यामुळे एका बाजूला प्रकाशच नाही. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे जेल एकाचं, लॅम्प दुसऱ्याचा.

लॅम्प घेताना सगळ्या जणी वॅट बघतात. ४८ वॅट लिहिलं की समाधान. वॅट म्हणजे लॅम्प वीज किती खातो त्याचा आकडा. जेलला लागतो तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश, ठरावीक तीव्रतेनं, ठरावीक वेळ. आजच्या बऱ्याच एलईडी लॅम्पमध्ये ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचे दिवे असतात. जुन्या ३६ वॅटच्या यूव्ही लॅम्पमध्ये ९ वॅटच्या चार नळ्या असायच्या आणि त्यात एका थराला साधारण २ मिनिटं लागायची. एलईडीत तेच काम ३० ते ६० सेकंदांत होतं, पण जेलमधला फोटोइनिशिएटर त्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा असला तरच. किटबरोबर फुकट आलेला तळहाताएवढा लॅम्प प्रत्येक जेलला चालेल, ही आशा आहे, खात्री नाही.

आता एका मुलीची गोष्ट. ती माझ्याकडे बेसिक कोर्सला आली आणि थिअरीचे दिवस सुरू असतानाच सोडून गेली. "ताई, मला हातानं काम शिकायचंय, हे रसायनशास्त्र कशाला?" हात खरंच चांगला होता तिचा. मी थांबवलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

आठ महिन्यांनी ती परत आली, हात ओढणीत गुंडाळून. ओढणी काढली तेव्हा उजव्या अंगठ्याचं टोक सोललेलं, त्याला आडव्या भेगा, कडेला बारीक पाणीदार फोड. डाव्या हाताच्या तर्जनीची आणि अंगठ्याची आतली बाजू लाल, जाडसर, कोरडी. बाकीची बोटं जवळपास स्वच्छ. मी तिला म्हटलं, "क्लायंटचं नख करतेस तशी बस, आणि मला करून दाखव." ती बसली. डाव्या तर्जनी-अंगठ्यात समोरच्याचं बोट धरलं, उजव्या हातात ब्रश, आणि जेल कडेच्या त्वचेवर ओघळलं तसं सवयीनं उजव्या अंगठ्याच्या टोकानं पुसलं. हातमोजे नाहीत. टॉप कोटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या चमकदार थरावर, शेवटी उरणारा चिकटपणा पुसलेला ओला वाइप घडी घालून त्याच डाव्या बोटांत धरायची. पुरळ नेमकं कुठं उठलं होतं, त्यावरून तिची आठ महिन्यांची काम करायची पद्धत जशीच्या तशी वाचता येत होती.

मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित घटक त्वचेवर चिकटवून बघायच्या चाचणीत, हेमाची ॲलर्जी निघाली. हेमा म्हणजे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट, अनेक जेलमधला नखाला घट्ट धरून ठेवणारा घटक. ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा जन्माची सोबत. दातांच्या उपचारात वापरायचे चिकटद्रव्य आणि सांधा बदलताना वापरायचं बोन सिमेंट हे पदार्थही याच कुळातले, म्हणून तिला यापुढे प्रत्येक डॉक्टरला आधी हे सांगावं लागणार आहे. वय तेव्हा बावीस.

थिअरीच्या ज्या भागाला ती कंटाळली, त्यात नेमकं हेच होतं. न गुंफलेले रेणू त्वचेला लागता कामा नयेत, एवढंच. युरोपीय संघानं २०२० साली नियम करून हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांपुरती ठेवली आणि ॲलर्जीचा इशारा लेबलवर छापायला लावला. टीपीओ नावाच्या फोटोइनिशिएटरवर तिथं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदीच आहे. "मग मी हेमा-फ्री घेते" हे उत्तर मला रोज ऐकू येतं. घ्या, पण त्यात दुसरं कुठलं तरी ॲक्रिलेट असतंच आणि त्याचीही ॲलर्जी होऊ शकते. बाटली बदलून हाताची सवय बदलत नाही.

माझी स्वतःची पद्धत सांगते. जेल आणि लॅम्प एकाच कंपनीचे, किंवा कंपनीनं त्या जेलसाठी सांगितलेला लॅम्प. नायट्राइलचे हातमोजे, आणि जेल लागलं की लगेच नवा जोड. लेटेक्समधून ॲक्रिलेट फार लवकर आरपार जातात. मी पहिली दोन वर्षं लेटेक्सच वापरत होते, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. जेल त्वचेवर गेलं की लॅम्पमध्ये हात जायच्या आधी लाकडी काडीनं काढायचं. एकदा क्युअर केलं की ते त्वचेला चिकटून बसतं, आणि तिथूनच लिफ्टिंगही, म्हणजे जेल नखापासून सुटणं, सुरू होतं. चार बोटं आधी, दोन्ही अंगठे नंतर वेगळे. गडद रंगाचे तीन पातळ थर, दोन जाड कधीच नाहीत.

सोलून किंवा खरवडून काढणं

"जेलनं माझी नखं खराब झाली" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींची नखं जेल काढताना खराब झालेली असतात. कोपरा सुटला, बोट चाळवलं, आणि बसल्या बसल्या सगळं सोलून टाकलं. जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रे निघून येतात. खाली उरतं ते पांढुरकं, खरखरीत, कागदासारखं वाकणारं नख. माझ्याकडे एक क्लायंट अशी दहाही नखं घेऊन आली होती, जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेनं खरवडलेली, आणि तिला त्याच दिवशी नवीन जेल हवं होतं. मी नाही म्हटलं. ती चिडून दुसरीकडे गेली, तिथं लावून घेतलं, आणि लॅम्पखाली हात ठेवताच भाजल्यासारखं झालं. जेल क्युअर होताना उष्णता बाहेर पडते. नख जाड असलं तर ती जाणवत नाही, पातळ नखातून थेट आत पोचते. तिनंच नंतर फोन करून मला हे सांगितलं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला जवळपास सहा महिने. तेवढं थांबायची तयारी हवी.

मी असं काढते. चमकदार टॉप कोट फाइलनं घासून मोडायचा, पण नखापर्यंत जायचं नाही. बोटाच्या त्वचेला व्हॅसलीन. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखाच्या मापाचा, वर फॉइल. मोबाइलवर १२ मिनिटांचा अलार्म लावते आणि तोपर्यंत एकही फॉइल उघडून बघत नाही, क्लायंटलाही बघू देत नाही. मग लाकडी काडीनं हळूच ढकलायचं. निघालं तर ठीक, अडलं तर पुन्हा फॉइल आणि पाच मिनिटं. जोर लावावा लागतोय म्हणजे वेळ पुरेसा झालेला नाही. ड्रिल मशीननं दोन मिनिटांत काढून देणाऱ्या नवशिक्यांकडे मी माझी बोटं देणार नाही. मशीन वाईट नाही, पण बिट, म्हणजे मशीनचं फिरणारं टोक, किती कोनात धरायची हे महिनोन्महिने सरावानं येतं, आणि तो सराव दुसऱ्याच्या नखावर करायचा नसतो. नखावर अर्धगोल लाल खूण दिसली तर मशीन खोलवर गेलंय, एवढं ओळखा.

तयारीत घाई

तीन दिवसांत जेल सुटतं त्याचं उत्तर बहुतेकदा इथं सापडतं. नखावर चिकटून बसलेला पारदर्शक मृत पापुद्रा म्हणजे खरं क्युटिकल. तो काढायचा असतो. त्यामागची घडीची त्वचा जिवंत असते, ती कापायची नसते. व्हिडिओत दोन्हींना एकच नाव देतात आणि मुली जिवंत त्वचा कापून रक्त काढतात, पापुद्रा तसाच राहतो. मग जेल नखाला न चिकटता पापुद्र्याला चिकटतं आणि त्याच्यासकट सुटतं. मी भिंग लावून बघते, अजूनही.

जेलच्या आधी हात पाण्यात भिजवू नका. नख पाणी शोषून पसरतं, वाळताना आक्रसतं, वरचं जेल सुटतं. बफर हलकाच फिरवा, चमक जाण्यापुरता. पुसल्यावर नखाला पुन्हा बोट लावू नका, गालाला हात लावून तेच बोट नखावर तर नकोच. नखाच्या टोकाची कडही प्रत्येक थरात जेलनं झाकून बंद करा.

बाकीचं थोडक्यात

सुरकुत्या पडल्या तर थर जाड होता. बुडबुडे आले तर बाटली हलवली होती. ती तळहातांत फिरवायची. टॉप कोटची चमक गेली तर लॅम्पमधून काढल्या काढल्या पुसलंत, एक मिनिट थांबा. बाटली घट्ट झाली तर ती लॅम्पजवळ किंवा खिडकीत उघडी राहिली होती. बेस म्हणून साधं नेलपॉलिश खाली लावू नका. लॅम्पमध्ये चटका बसला तर हात लगेच बाहेर घ्या, सहन करू नका. यूव्ही-ए किरणांसाठी मी बोटांची टोकं उघडी असलेले हातमोजे देते. सनस्क्रीनही चालतं, पण ते नखावर लागलं की पुन्हा लिफ्टिंग. सुटलेल्या जेलखाली हिरवट डाग दिसला तर वरून नवा थर देऊन झाकू नका. ओल अडकून तिथं जिवाणू वाढलेले असतात. सगळं काढा, नख कोरडं ठेवा, डॉक्टरांना दाखवा.

कोर्स निवडताना

दोन तासांत प्रमाणपत्र देणाऱ्यांकडे जाऊ नका. नखाची रचना, नखांचे आजार, ॲलर्जी आणि निर्जंतुकीकरण यांना किती तास आहेत ते आधी विचारा. सराव प्लास्टिकच्या टिप्सवरच की माणसांच्या हातांवरही, आणि तुमचं काम कुणी जवळ बसून तपासणार का, हेही. शिकवणारीला कामाचे फोटो मागाल तेव्हा त्याच दिवशीचे मागू नका, तीन आठवड्यांनंतरचे मागा. आणि जेल काढून झाल्यावर त्याच नखांचे.

आणि हे वाचताना कुणाच्या बोटांच्या टोकांना आधीच खाज येत असेल, नखाभोवती लाली किंवा फोड असतील, तर जेल आज बंद करा. "थोडे दिवस हातमोजे घालून बघते" नको. पापण्यांवर किंवा मानेवर पुरळ आलं तरी संशय घ्या, कारण बोटं दिवसभर चेहऱ्याला लागतात. बाटल्या फेकून देऊ नका. बेस, रंग, टॉप, सगळ्यांच्या लेबलवरच्या घटकांचे फोटो काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, पॅच टेस्टला ते लागतात.